मुलींचा फुटबॉल आणि शाळेचें मैदान

कोणत्याहि राष्ट्राची योग्यता पारखावयाची झाल्यास तेथील राजवाडे, तोफा व बाजारपेठा यांकडे पाहण्याची जुनी रीत आहे. आमच्या मतें आणखी एक साधी कसोटी आहे. त्या देशांतील शाळांच्या मैदानांवर सायंकाळीं पांच वाजतां कोण खेळत असतें, हें जाऊन पाहावें. मुलगे खेळतांना सर्वत्र दिसतील. मुलीहि खेळत असतात काय, आणि खेळत असल्यास वयाच्या कितव्या वर्षापर्यंत खेळतात, या प्रश्नाच्या उत्तरांत त्या समाजाचें पुष्कळसें अंतरंग उघड होतें. आशियांतील राष्ट्रांच्या महिला-फुटबॉल-स्पर्धेच्या निमित्तानें हाच प्रश्न आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडूं इच्छितों.

ही स्पर्धा आतां आशियाई महिला चषक या नांवानें ओळखली जाते. २०२२ सालीं, २० जानेवारीपासून ६ फेब्रुवारीपर्यंत, ती आपल्या महाराष्ट्रांतच भरली होती. नवी मुंबईचें डी. वाय. पाटील क्रीडांगण, मुंबईंत अंधेरीचें फुटबॉल-मैदान आणि पुण्यास बालेवाडीचें श्री शिवछत्रपति क्रीडासंकुल या तीन ठिकाणीं बारा राष्ट्रांचे संघ उतरणार होते. कोविडच्या सांथीचा तो काळ असल्यामुळें खेळाडूंवर कडक निर्बंध होते आणि स्पर्धेचा बोलबाला व्हावा तितका झाला नाहीं. तथापि क्रिकेटमधील धावांचे आंकडे ज्यांस तोंडपाठ असतात अशा आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांस, आपल्या दाराशीं आशियाचें विजेतेपद कोणीं व कसें जिंकलें हें ठाऊक असेल. म्हणून प्रथम तो वृत्तांत थोडक्यांत सांगतों.

अंतिम सामना नवी मुंबईंत चीन व दक्षिण कोरिया यांच्यामध्यें झाला. कोरियाचा संघ त्यापूर्वीं कधींहि अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला नव्हता. तरीहि मध्यांतरापर्यंत त्या मुलींनीं दोन गोल केले होते आणि चीनच्या बाजूस शून्य होतें. दोन गोलांचें ओझें डोक्यावर घेऊन दुसऱ्या अर्धांत उतरणें हें काय असतें, तें ज्यांनीं शाळेच्या सामन्यांत अनुभविलें असेल त्यांस निराळें सांगावयास नको. परंतु चीनच्या मुली डगमगल्या नाहींत. ६८ व्या मिनिटास पेनल्टीवर पहिला गोल झाला, त्यानंतर चार मिनिटांनीं दुसरा झाला, आणि नव्वद मिनिटें संपून पंचानें दिलेला जादा वेळ चालू असतां श्याओ युयी या खेळाडूनें तिसरा गोल करून सामना ३–२ असा जिंकला. ही श्याओ युयी आरंभीच्या अकराजणींत नव्हती. ती राखीव म्हणून बांकावर बसली होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. त्याआधीं तीनच दिवस, बालेवाडीच्या मैदानावर, याच संघानें जपानशीं दोन वेळां मागें पडून दोन वेळां बरोबरी साधली होती. दुसरी बरोबरी तर ११९ व्या मिनिटास झाली, आणि मग पेनल्टींवर सामना जिंकला. या मुलींच्या शिक्षिका शुई छिंगश्या या स्वतः एके काळीं चीनच्या संघांत खेळलेल्या. पूर्वीं जी मैदानावर होती तीच पुढें मैदानाच्या कडेला उभी राहून दुसऱ्या पिढीस शिकवीत होती, ही परंपरा आम्हांस त्या तीन गोलांइतकीच महत्त्वाची वाटते.

पुण्यासच ३० जानेवारीस आणखी एक संस्मरणीय प्रसंग घडला. फिलिपाईन्सचा संघ चिनी तैपेईशीं बरोबरींत सुटून पेनल्टींवर विजयी झाला, आणि त्यायोगें त्या द्वीपराष्ट्राच्या फुटबॉलसंघास इतिहासांत प्रथमच विश्वचषकाचें दार उघडलें. त्या देशाच्या पुरुषांच्या संघास जें साधलें नव्हतें तें या स्त्रियांनीं बालेवाडींत साधलें. पुढें जुलै २०२३ मध्यें याच संघानें विश्वचषकांत यजमान न्यूझीलंडला वेलिंग्टन येथें १–० असें हरविलें.

आतां आपल्या संघाची हकीकत. यजमान या नात्यानें भारतास स्पर्धेंत स्थान होतें. २० जानेवारीस इराणशीं सामना झाला. त्यांत कोणाचाच गोल झाला नाहीं. २३ जानेवारीस चिनी तैपेईशीं दुसरा सामना व्हावयाचा होता. परंतु संघांत कोविड शिरला, आणि सामन्यासाठीं किमान १३ खेळाडू लागतात तितक्या उभ्या राहूं शकल्या नाहींत. नियमाप्रमाणें भारतानें माघार घेतली असें ठरलें आणि इराणशीं झालेला सामनाहि रद्द धरण्यांत आला. स्वतःच्या अंगणांत, स्वतःच्या लोकांपुढें खेळण्याची संधि चार दिवसांत संपली. आजार कोणास सांगून येत नाहीं. त्या मुलींस दोष देणें हा केवळ अन्याय होईल. त्यांनीं कित्येक महिने घरदार सोडून सराव केला होता, आणि त्यांच्या दुःखाची कल्पना ज्याची त्यानेंच करावी.

पण तेरा हा आंकडा आमच्या मनांतून जात नाहीं. त्या दिवशीं तेरा मुली मिळाल्या नाहींत याचें कारण सांथ हें होतें. परंतु सांथ नसतां, एखाद्या साध्या निरोगी सोमवारीं, आपल्या गांवांतील व शहरांतील किती माध्यमिक शाळांत फुटबॉलसाठीं अकरा मुली व दोन राखीव अशा तेरा जणी उभ्या राहतील? मुलग्यांचे तीन-तीन संघ होतील, आणि स्थान न मिळाल्यामुळें रुसणारे निराळेच. मुलींच्या बाबतींत शिक्षकांस वर्गावर्गांत जाऊन नांवें गोळा करावीं लागतात, आणि दिलेल्या नांवांपैकीं निम्मीं दुसऱ्या दिवशीं परत घेतलीं जातात. राष्ट्राच्या संघाचें बळ कोठें कमी पडतें याचें उत्तर आम्हांस येथें दिसतें.

कोणी म्हणेल कीं, आपल्या मुलींस या खेळाची आवडच नाहीं, किंवा हा खेळ आपल्या मातीचाच नव्हे. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. आशियांतील महिला-फुटबॉलची संघटना १९६८ सालीं निघाली. पहिली स्पर्धा १९७५ सालीं हाँगकाँग येथें झाली आणि ती न्यूझीलंडनें जिंकली. त्यानंतर जानेवारी १९८० मध्यें ही स्पर्धा आपल्याच देशांत, केरळांतील कालिकत येथें भरली. भारतानें तींत एक सोडून दोन संघ उतरविले, आणि त्यांपैकीं एक अंतिम सामन्यापर्यंत जाऊन तैवानच्या संघाकडून ०–२ असा हरला. १९८१ सालीं हाँगकाँगला भारताचा तिसरा क्रमांक आला. १९८३ सालीं थायलंडमध्यें पुन्हां अंतिम सामना. तेथें यजमानांकडून ०–३ अशी हार झाली. म्हणजे चार वर्षांच्या आंत दोन वेळां आपल्या मुली आशियांत दुसऱ्या ठरल्या. त्या संघाच्या शांति मलिक यांस १९८३ सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला. चीनच्या मुलींचें नांवहि तेव्हां या स्पर्धेच्या विजेत्यांत नव्हतें.

मग पुढें काय झालें? १९८६ सालीं चीननें प्रथम विजेतेपद मिळविलें आणि १९९९ पर्यंत ओळीनें सात वेळां तें आपल्याकडे राखलें. नवी मुंबईचें विजेतेपद हें त्यांचें नववें. जपाननें १९८९ सालीं मुलींच्या संघांची राष्ट्रीय साखळी-स्पर्धा सुरू केली, आणि २०१४ व २०१८ या दोन्ही वर्षीं आशियाई चषक नेला. भारताचें नांव मात्र हळूहळू खालीं उतरत गेलें. २००३ नंतर तर २०२२ मध्यें यजमान म्हणून स्थान मिळेपर्यंत आपला संघ या स्पर्धेंत दिसलाच नाहीं. शांति मलिक व त्यांच्या सोबतिणी यांचें कर्तृत्व थोर होतें. पण त्यांच्या मागें दुसरी रांग नव्हती आणि दुसरीच्या मागें तिसरी नव्हती. चीनमध्यें लहान वयांत मुली निवडून त्यांस क्रीडाशाळांत घडविण्यांत आलें. त्या शाळांची कडक रीत आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे असें नाहीं. बालपण हें पदकांच्या पायीं खर्चावयाचें द्रव्य नव्हे. पण रांग लावावी लागते, आणि ती लहानपणींच लावावी लागते, एवढें त्यांनीं ओळखलें. बांकावरची राखीव मुलगी उठून आशियाचें विजेतेपद जिंकून देते, तें बांकावर बसवावयास मुलगी असते म्हणून.

जपानच्या मुलींची एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. ११ मार्च २०११ रोजीं त्या देशावर भूकंप व त्सुनामी यांचें भयंकर संकट कोसळलें. त्यानंतर चारच महिन्यांनीं, १७ जुलै रोजीं, जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें जपानच्या स्त्रियांनीं बलाढ्य अमेरिकेस पेनल्टींवर हरवून विश्वचषक जिंकला. आशियांतील कोणत्याहि राष्ट्रास, पुरुषांचें असो वा स्त्रियांचें, असें यश पूर्वीं मिळालें नव्हतें. त्याच स्पर्धेंत यजमान जर्मनीविरुद्ध निर्णायक गोल करणारी कारिना मारुयामा ही पूर्वीं फुकुशिमाच्या वीजकेंद्रांत नोकरी करीत असे. ज्या देशांत सहस्रावधि घरें वाहून गेलीं होतीं तेथील लोकांस त्या रात्रीं मान वर करण्यास एक कारण मिळालें, आणि तें मुलींनीं मिळवून दिलें.

अलीकडे आपल्या बाजूसहि आशेचा किरण दिसूं लागला आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्यें थायलंडमधील चियांग माय येथें पात्रता-फेरी झाली. भारतानें मंगोलियाचा १३–०, तिमोर-लेस्तेचा ४–० व इराकचा ५–० असा पराभव केला, आणि ५ जुलै रोजीं शेवटच्या सामन्यांत थायलंडला त्यांच्याच भूमीवर २–१ असें हरविलें. दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरनें केले. १९८३ सालीं ज्या थायलंडकडून हार खावी लागली त्यांच्यावर बेचाळीस वर्षांनीं मिळालेला हा विजय होता, आणि त्यायोगें २०२६ च्या ऑस्ट्रेलियांतील आशियाई चषकाचें स्थान भारतानें पात्रता-फेरींतून, केवळ खेळाच्या बळावर, मिळविलें.

त्याच आठवड्यांत आपल्या शेजारच्या बांगलादेशच्या मुलींनींहि म्यानमारला २–१ असें हरवून प्रथमच या स्पर्धेंत प्रवेश मिळविला. त्यांच्या यशाचें मूळ शोधूं गेल्यास तें एका प्राथमिक शाळेपाशीं जाऊन पोहोंचतें. मैमनसिंग जिल्ह्यांत, सरहद्दीजवळ, कलसिंदूर नांवाचें एक खेडें आहे. २०११ सालीं त्या देशांत प्राथमिक शाळांतील मुलींसाठीं फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली, आणि कलसिंदूरच्या सरकारी शाळेंतील शिक्षकांनीं गरीब शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुली गोळा करून संघ उभा केला. त्या लहान मुलींपैकीं कित्येक जणी पुढें राष्ट्रीय संघांत गेल्या, आणि बांगलादेशनें २०२२ व २०२४ अशी दोन वेळां दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. कलसिंदूरला मोठें क्रीडांगण नव्हतें. शाळेपुढील मैदान, एक चेंडू आणि आईबापांस समजावीत घरोघर फिरणारे शिक्षक एवढेंच भांडवल होतें. जें एका खेड्यांतील शाळेस साधलें तें आपल्या शाळांस अशक्य आहे असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं.

मैदान हें मुलींस सुखासुखीं मिळत नाहीं आणि मिळालेलें टिकतेंच असेंहि नाहीं, याचीं दोन उदाहरणें याच स्पर्धेच्या परिसरांत आहेत. इराणच्या मुली २०११ च्या जूनमध्यें ऑलिंपिकच्या पात्रता-सामन्यासाठीं अम्मान येथें गेल्या असतां, त्यांच्या शिरोवस्त्राच्या कारणावरून त्यांस खेळूं दिलें गेलें नाहीं. २०१४ सालीं तो नियम बदलला. आणि २०२१ सालीं पात्रता मिळवून त्या जानेवारी २०२२ मध्यें प्रथमच आशियाई चषकांत, नवी मुंबईच्या मैदानावर, आपल्या संघापुढें उभ्या राहिल्या. दुसरें उदाहरण अफगाणिस्तानचें. तेथील मुलींचा राष्ट्रीय संघ २००७ सालीं उभा राहिला होता. ऑगस्ट २०२१ मध्यें काबूल तालिबानच्या हातीं गेलें आणि त्या खेळाडूंस देश सोडून पळावें लागलें. पुष्कळ जणींस ऑस्ट्रेलियांत आश्रय मिळाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मुलग्यांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, परंतु सहावीपुढील मुलींच्या शाळा उघडूं दिल्या नाहींत. मैदान व वर्ग हीं दोन्ही एकाच वेळीं बंद झालीं, हा केवळ योगायोग नव्हे. मुलीनें मोकळ्यानें धांवूं नये असें ज्यांस वाटतें त्यांस तिनें मोकळ्यानें विचार करावा हेंहि रुचत नाहीं.

आपल्या येथें अशी मनाई कोणी करीत नाहीं, आणि म्हणूनच आपला रोग ओळखण्यास कठीण आहे. पांचवींतील मुलगी मैदानावर असते. सातवींत ती कडेला उभी राहून पाहते. नववींत ती तेथें नसतेच. तिला कोणीं 'जाऊं नको' म्हटलेलें नसतें, पण 'चल, ये' असेंहि कोणीं म्हटलेलें नसतें. घरीं लहान भावंड सांभाळावयाचें असतें, पाणी भरावयाचें असतें, शिकवणीची वेळ झालेली असते. आणि मोठा भाऊ मात्र त्याच घरांतून, त्याच वेळीं, चेंडू घेऊन बाहेर पडलेला असतो. जागतिक आरोग्य-संघटनेच्या मतें पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस रोज सरासरी एक तास तरी अंगमेहनतीची हालचाल हवी. त्याच संघटनेच्या २०१६ पर्यंतच्या पाहणीप्रमाणें जगांतील अकरा ते सतरा वर्षांच्या मुलग्यांपैकीं शंभरांत ७८ व मुलींपैकीं शंभरांत ८५ जणांस इतकी हालचाल घडत नाहीं. हा दोष आपल्याच घरचा आहे असें नाहीं. पण म्हणून तो आपण दूर करूं नये असेंहि नाहीं.

पालकांच्या मनांत येणाऱ्या शंकांचा आतां विचार करूं. पहिली शंका अशी कीं, हा धांवपळीचा, आडदांड खेळ मुलींच्या शरीरास झेपणार नाहीं. ही शंका नवी नाहीं, आणि ती विलायतेंतहि घेतली गेली आहे. १९२० च्या नाताळांत लिव्हरपूल येथें गिरणी-कारखान्यांतील मुलींचा सामना पाहण्यास सुमारें ५३,००० लोक जमले होते. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९२१ मध्यें, इंग्लंडच्या फुटबॉल-संघटनेनें हा खेळ स्त्रियांस योग्य नव्हे असें ठरवून आपल्या सभासद-संघांचीं मैदानें त्यांस बंद केलीं, आणि ती बंदी सुमारें पन्नास वर्षें टिकली. त्या पन्नास वर्षांत स्त्रियांचें शरीर बदललें नाहीं, पुरुषांचें मत बदललें. इजा होते हें खरें आहे, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. गुडघ्याची कांहीं प्रकारची दुखापत मुलग्यांपेक्षां मुलींस अधिक वेळां होते. त्यावर उपाय म्हणजे खेळण्यापूर्वीं योग्य व्यायाम, चांगले बूट व जाणता शिक्षक. खेळ बंद करणें हा उपाय नव्हे. उलट हाडांचें बळ बहुतेक अठराव्या वर्षापर्यंतच सांठतें, आणि जी मुलगी त्या वयांत धांवली-उडाली नाहीं तिला पन्नाशींत त्याची किंमत मोजावी लागते.

शरीराचा प्रश्न निघालाच आहे, तर एका अधिक गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य-पाहणीप्रमाणें आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शंभरांत ५९ जणींच्या रक्तांत जें तेज असावें तें नाहीं. वैद्यकाच्या भाषेंत त्यांस रक्तक्षय आहे. मुलगी लवकर थकते हें पाहून तिला खेळावयास पाठवूं नये असें म्हणणाऱ्यांनीं प्रथम तिच्या ताटाकडे पाहावें. भावाच्या वाटीस जितकी डाळ, जितकी पालेभाजी, जितकीं अंडीं व जितकें दूध येतें, तितकें तिच्याहि वाटीस येतें काय? घरीं सर्वांत शेवटीं व सर्वांत कमी जेवणारी मुलगी मैदानावर दमली, तर तो मैदानाचा दोष नव्हे.

दुसरी शंका अभ्यासाची. शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे प्रथम कात्री लागते ती खेळाच्या तासास, आणि त्यांतहि मुलीच्या. आम्ही शिक्षक आहों. परीक्षेचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु रात्रीं दहा वाजेपर्यंत पुस्तकापुढें पेंगणारी मुलगी आणि तासभर खेळून, हातपाय धुऊन, दोन तास मन लावून वाचणारी मुलगी यांत अधिक कोण शिकते, हें कोणीहि अनुभवी शिक्षक सांगेल. शिवाय जें शिक्षण मैदानावर मिळतें तें पुस्तकांत नाहीं. हरल्यावर प्रतिपक्षाशीं हस्तांदोलन करणें, पंचाचा निर्णय मनाविरुद्ध असतांहि मानणें, गोल करण्याची स्वतःस संधि असतां अधिक चांगल्या जागीं असलेल्या सखीकडे चेंडू देणें, आणि दोन गोलांनीं मागें असतां रडत न बसणें, हे धडे मुलग्यांस जितके हवेत तितकेच मुलींस हवेत. ज्या मुलीस पुढें घर चालवावयाचें आहे, कचेरी चालवावयाची आहे किंवा दोन्ही, तिला ते अधिक हवेत असें आम्ही म्हणूं.

तिसरी शंका लोक काय म्हणतील ही. अर्धी विजार घालून मुलगी धांवली तर शेजारीपाजारीं चर्चा होईल, ऊन लागून रंग काळवंडेल, पुढें स्थळ मिळण्यास अडचण पडेल, असें उघड बोललें जात नाहीं पण मनांत असतें. विजारीची लांबी हा वादाचा विषयच नव्हे. इराणच्या मुली अंगभर पोशाख व शिरोवस्त्र घालून नवी मुंबईंत खेळल्या. जिला ज्यांत सोयीचें वाटेल त्यांत तिनें खेळावें. आणि लोकांच्या बोलण्याचें म्हणाल, तर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्याच डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या मुलींनीं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हां हेच लोक रस्त्यांवर नाचले. त्या संघांत आपल्या सांगलीची स्मृति मानधना होती. लोक यशाच्या मागून येतात; आईबापांस मात्र यशाच्या पुष्कळ आधीं मुलीच्या पाठीशीं उभें राहावें लागतें.

आमचें म्हणणें असें मुळींच नाहीं कीं, प्रत्येक मुलीनें राष्ट्रीय संघांत जावें. शंभरांत एकहि जाणार नाहीं. मणिपूरच्या ओइनम बेंबेम देवी यांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली, तशी ती सर्वांस मिळत नाहीं. पण ज्या नव्याण्णव जणी कोठेंच जाणार नाहींत त्यांच्यासाठींच मैदान अधिक अवश्य आहे. शंभरावी आपली वाट कशीहि शोधून काढील; नव्याण्णव जणींस आरोग्य, धीटपणा व मैत्रिणींच्या सहवासांतील आनंद दुसऱ्या कोठें मिळावा?

यास्तव आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. शाळांनीं आठवड्यांतून निदान तीन दिवस मैदानाचा ठराविक भाग व ठराविक वेळ मुलींसाठीं राखून ठेवावी, आणि मुलग्यांचा सामना असला तरी ती मोडूं नये. मुलींस कपडे बदलण्यास स्वच्छ जागा व पुरेसें पाणी असावें. पुष्कळ मुली याच्याच अभावीं खेळ सोडतात आणि संकोचानें कारण सांगत नाहींत. जेथें बनेल तेथें खेळ शिकविण्यास शिक्षिका असावी. पालकांनीं घरांतील कामांची वांटणी पुन्हां एकदां तपासून पाहावी, आणि मुलाच्या वेळाइतकीच मुलीची वेळ मौल्यवान मानावी. वडिलांनीं जसे ते मुलाच्या सामन्यास येतात तसे मुलीच्या सामन्यासहि यावें. कुंपणापाशीं उभ्या असलेल्या वडिलांस पाहून मुलीच्या पायांत जें बळ येतें तें कोणत्याहि बक्षिसानें येत नाहीं.

मुलग्यांसहि दोन शब्द. मैदान तुमच्या मालकीचें नाहीं. तुम्ही त्यावर आधीं पोहोंचलां इतकेंच. मुली खेळूं लागल्या म्हणजे हंसणें सोपें आहे, कारण प्रथम चेंडू त्यांच्या पायाखालून निसटेल. तुमच्याहि पायाखालून तो निसटला होता. पण तेव्हां तुम्हांस कोणी हंसलें नाहीं म्हणून तुम्ही शिकलां.

आणि मुलींनो, तुम्हांस आम्ही मोठीं स्वप्नें दाखवीत नाहीं. उद्यां सायंकाळीं घंटा झाल्यावर दोघी-तिघींनीं मिळून मैदानावर यावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. आठवडाभरांत चौघी होतील, महिन्यांत सात होतील. तेरा भरल्या म्हणजे आम्हांस येऊन सांगा; चेंडू, शिट्टी व पंच यांची व्यवस्था करणें हें शिक्षकांचें काम आहे, आणि तें आम्ही आनंदानें करूं.